ओसाकासाठी प्रार्थना

नेकनूरला आमच्या घरी दर शुक्रवारी प्रार्थना असते. डब्यातून ज्याला ज्या शहराची चिठ्ठी येईल, त्या शहरासाठी त्यानं मोठ्यानं प्रार्थना करायची, असा आमचा रिवाज. त्या शुक्रवारी मला जपानमधलं ओसाका आलं. आमच्या चर्चच्या पाळकबाई म्हणाल्या, तिथं कितीतरी म्हातारी माणसं बंद घरात एकटीच मरतात, शेजाऱ्यांना पत्ताही नसतो.

मी डोळे मिटले. "प्रभू, असले कसे रे हे शेजारी," असं म्हणताना मला खरोखरच राग आला आणि आवाज चढला. तेवढ्यात पत्र्याच्या भिंतीपलीकडं भांडी घासायचा आवाज थांबला. सांडपाण्यावरून भांडण झाल्यापासून तिथली शेजारीण आणि मी दोन वर्षं बोलत नव्हतो. ती ऐकतेय हे कळलं, पण प्रार्थना मध्येच सोडता येईना. मी कशीबशी शेवटाला आले.

कुणी आमेन म्हणायच्या आत ती पलीकडून म्हणाली, "आमचे मालक न्हाणीत पडलते तवा मी लई हाका मारल्या. तुला ऐकूच आल्या न्हाईत का?"

सगळ्यांचे डोळे मिटलेलेच राहिले.

हाका आल्या होत्या. मी टीव्हीचा आवाज वाढवला होता.