पोपट नको, रात्र दाखवा

बारावीपर्यंत मी एकही मोठा गेम स्वतः खेळले नव्हते, पण कितीतरी गेम मी शेवटपर्यंत पाहिले होते. आईच्या फोनवर. कुठल्या तरी दूरच्या देशातला एक मुलगा आपल्या खोलीत बसून खेळायचा, त्याचा व्हिडिओ टाकायचा, आणि मी मलकापुरात आमच्या पुढच्या खोलीत खाटेवर पालथी पडून तो बघायची. त्यातल्या एका गेममध्ये घोडा होता. लढाया, तलवारी, राक्षस असं सगळं त्यात होतं, पण मला ते नको असायचं. मला हवं असायचं ते दोन लढायांच्या मधलं. घोडा डोंगर चढून वर यायचा, खाली दरी आणि दरीत नदी दिसायची, पलीकडे कुठलं तरी गाव. तो मुलगा मात्र सतत घाईत. मी फोनला म्हणायची, "थांब ना जरा. डावीकडं वळ." तो उजवीकडे वळायचा.

आमच्या गल्लीत संध्याकाळी मुलीनं एकटीनं स्टेशनपर्यंत जायचं तर काही कारण लागायचं. आमच्या घरी त्यावरून कधी भांडण झालं नाही. तशी रीत होती आणि मी ती पाळत होते. पण नदीकडे बोट दाखवून "मला तिकडं जायचंय" असं म्हणावं आणि जाताही यावं, ही ओढ मला त्या घोड्यानं लावली. शेगावला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि लॅपटॉप घ्यावाच लागेल असं ठरलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा अभ्यास आला नाही, घोडा आला.

घरात मी एवढंच सांगितलं, "गेमिंगचा घेतला तर चार वर्षं टिकतो. साधा दोन वर्षांत मंद पडतो." आईला ते पटलं नाही. बाबांनी विचारलं, "त्याच्यावर पिक्चर चांगले दिसतीन ना?"

"दिसतील."

"मंग घेऊ."

बाबा पिक्चरचं विचारणारच होते. माझ्या जन्माच्या आधीपासून ते गावातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. वरच्या कोंदट खोलीत दोन मशिनी, त्यांच्या दिव्यात जाळायच्या कार्बनच्या कांड्या, रेल्वेनं येणारे रिळांचे पत्र्याचे डबे. एक रीळ संपत आलं की दुसरी मशीन अशी सुरू करायची की खालच्या माणसाला कळूही नये. ते टॉकीज मी पाचवीत असताना बंद पडलं. तिथं आता ट्रॅक्टरच्या पार्टचं गोडाऊन आहे. बाबा जिनिंगच्या काट्यावर लागले, कापसाच्या गाड्यांचं वजन करायला. टॉकीजविषयी ते फार बोलायचे नाहीत. फक्त घरातल्या टीव्हीवर पिक्चर लागला की पाच मिनिटं बघून उठायचे. "चेहरे भाजल्यासारखे दिसून राह्यले," म्हणायचे आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे.

गावातल्या दुकानदारानं साधे लॅपटॉप दाखवले आणि गेमिंगचा मागवावा लागेल, पैसे आधी भरावे लागतील, असं सांगितलं. न बघता घ्यायला बाबा तयार नव्हते. म्हणून एका रविवारी आम्ही दोघं सकाळच्या पॅसेंजरनं अकोल्याला गेलो. माझ्याकडे वहीचं एक पान होतं. प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड किती जीबीचं, सगळं महिनाभर व्हिडिओ बघून उतरवलेलं. बाबांनी ते पान नांदुरा स्टेशन येईपर्यंत वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. "याच्यात पडद्याचं काईच नाई लिहेल."

"स्क्रीन पंधरा इंच आहे ना. वर लिहिलंय."

"ते माप झालं," बाबा म्हणाले.

अकोल्याचं दुकान मोठं होतं, एसी लावलेला. विकणारा पोरगा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. माझं पान बघून तो खूश झाला. आमच्या पंचावन्न हजारांत बसणारे दोन लॅपटॉप त्यानं शेजारी शेजारी उघडून ठेवले. एक काळा, कीबोर्डखाली लाल दिवे, ग्राफिक्स कार्ड माझ्या पानावरचंच. दुसरा करड्या रंगाचा, दिसायला बँकेतला वाटावा असा. त्याचं कार्ड खालच्या दर्जाचं, पण पडदा चांगला, असं त्यानं एका वाक्यात सांगितलं आणि परत काळ्याकडे वळला. "मॅडम, गेम खेळायचे असतील तर हाच. त्या दुसऱ्यावर तुमचे मोठे गेम अडकत चालतील."

बाबा म्हणाले, "पिक्चर लावून दाखवता का?"

पोरानं दोन्हींवर दुकानातला नमुन्याचा व्हिडिओ लावला. लाल-हिरवे पोपट, फुलं, पाण्याचे थेंब. दोन्हींवर झकास दिसत होतं.

"पोपट नको," बाबा म्हणाले. "रात्र दाखवा."

"काय?"

"रात्रीचा सीन. अंधार. एखादा दिवा असला तर बेस."

पोरगा हसला, पण शोधून त्यानं काहीतरी लावलं. अंधारी वाट, हातात कंदील घेतलेली एक बाई. बाबा वाकले. मग उजव्या बाजूला गेले, मग डाव्या. मग खाली बसून वर बघितलं. मग मागे चालत चालत पार दुकानाच्या दारापर्यंत गेले आणि तिथून, एसीची हवा बाहेर जाईल एवढं दार उघडं धरून, डोळे बारीक करून बघत राहिले. एक कुटुंब आत यायला थांबलं होतं. पोरगा माझ्याकडे बघून पुन्हा हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा परत आले. काळ्या लॅपटॉपवर बोट ठेवून म्हणाले, "याच्यात रात्र राखुंडीसारखी दिसते. त्याच्यात काळं ते काळंच हाय. बाई कुठं संपते अन् अंधार कुठं सुरू होते ते कळते."

मला फरक दिसत होता. हे मी आज प्रामाणिकपणे सांगते, मला तेव्हाही दिसत होता. समोरून थोडा आणि बाजूनं पुष्कळ. पण मी म्हणाले, "बाबा, पुरे ना. लोक बघून राहिले."

ते खुर्चीवर जाऊन बसले. पोरानं विचारलं, "मग कोणता करायचा?" मी बाबांकडे बघितलं. त्यांनी हात हलवला. "तुयी वस्तू हाय. वापराची तुले हाय. तू पाह्य."

मी काळा घेतला.

येताना गाडीत खोकं माझ्या मांडीवर होतं. शेगावला गाडी थोडी रिकामी झाली तेव्हा बाबा म्हणाले, "चांगला हाय. लाइट मस्त हायेत त्याचे." मी मान डोलावली. जलंब गेलं, नांदुरा गेलं, मलकापूर आलं.

गेम उतरवायलाच चार दिवस लागले, कारण नेट फोनचं. पाचव्या दिवशी दुपारी घोडा माझ्या हाती आला. बाबांना सुट्टी होती, ते मागे खुर्ची घेऊन बसले. मी डावीकडे वळले. दरीत उतरले. नदीकाठी थांबले, आणि काहीही न करता उभी राहिले. कुणाची घाई नव्हती.

बाबांनी विचारलं, "हा कॅमेरा कोण फिरवून राह्यलं?"

"मी. या माउसनं."

"म्हणजे जिकडं तू पाह्यशीन तिकडं पिक्चर जाते?"

"हो."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मी तर एवढी वर्षं पिक्चर चालवला," म्हणाले, "पण तो जिकडं जाईन तिकडंच मले जा लागे."

पुढची चार वर्षं मी शेगावला खोली करून राहिले आणि शनिवारी घरी यायची, लॅपटॉप पाठीवर. रविवारी जेवणं झाली की बाबा पिक्चर लावायला सांगायचे. लावणं माझ्याकडे, बाकी सगळं त्यांच्याकडे. खिडकीवर ते गोधडी टांगायचे, कडा खिळ्यांत अडकवून, उजेडाची फट राहू नये म्हणून. लॅपटॉपखाली आईचा मसाल्याचा डबा, त्यावर पाट. मग पडदा इंचभर मागे, इंचभर पुढे. त्या पडद्याला एकच एक कोन होता, ज्यातून बघितलं तर अंधार जरा अंधारासारखा दिसायचा. बाबांनी तो शोधून काढला होता आणि त्या कोनात एकाच माणसापुरती जागा होती. तिथं ते मला बसवायचे. स्वतः बाजूला, जिथून सगळं फिकं दिसतं तिथं. मी म्हणायची, "बाबा, तुम्ही बसा इथं." ते म्हणायचे, "मले ऑपरेटरच्या जागेवरून पाह्याची सवय हाय. तू बस."

उन्हाळ्यात लॅपटॉप इतका तापायचा की पंखे घरघरायला लागायचे आणि संवाद ऐकू यायचे नाहीत. मग कूलर आमच्याकडून काढून त्याच्यासमोर लावला जायचा आणि आम्ही घामाघूम. आई म्हणायची, "एवढं जपून राह्यले, तर तवाच तो दुसरा काऊन नाई घेतला?" मी खाली बघायची. बाबा म्हणायचे, "तिनं पाहून घेतला हाय. तू पिक्चर पाह्य."

एकदा, शेवटच्या वर्षी, मी त्यांना म्हणाले, "बाबा, माझं चुकलं तेव्हा." कशाविषयी ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. फक्त म्हणाले, "त्या घोड्यासाठी घेतला ना? मंग चुकलं कुठं? तो तर पळते बराबर."

मग पुण्याची नोकरी लागली. कंपनीनं कामाचा लॅपटॉप दिला, म्हणून काळा मी घरीच ठेवला. वर्षभरानं मी स्वतःच्या पगारातून माझ्यासाठी नवा घेतला. या वेळी दुकानात कुणी सोबत नव्हतं. विकणाऱ्या मुलीला मी म्हणाले, रात्रीचा सीन लावा. तिनं लावला. मी बाजूला गेले, वाकले, मागे मागे चालत दारापर्यंत गेले. कुणी बघतंय का, याकडे माझं लक्षही गेलं नाही. अंधार असा होता की पडदा कुठं संपतो ते कळेना. दारात उभं राहून बघताना मला एकदम इतकी आठवण आली की मी तिथूनच बाबांना फोन लावला.

काट्यावर गाड्या लागल्या होत्या. मागे ट्रॅक्टरचा आवाज. "बोल बेटा, काय झालं?"

"काही नाही. लॅपटॉप घेऊन राहिले."

"पडदा पाह्यला?"

"पाह्यला."

"मंग घेऊन टाक," ते म्हणाले, आणि कुणाला तरी ओरडले, गाडी मागं घे म्हणून. फोन चालूच राहिला. त्यांना तो बंद करायचं लक्षात नव्हतं. मी थोडा वेळ ऐकत राहिले: ट्रॅक्टर, माणसं, बाबांचा आकडा सांगणारा आवाज. मग मीच ठेवला.

तो लॅपटॉप त्यांनी अजून बघितलेला नाही. दिवाळीला मी चार दिवस घरी गेले, तर जिनिंगचा हंगाम भरात होता. बाबा पहाटे जायचे आणि आल्यावर जेवता जेवता डुलकी घ्यायचे. मी लॅपटॉप पिशवीतून बाहेर काढला आणि परत ठेवला. त्यांना उठवून बसवावं असं वाटत होतं, धीर झाला नाही. संक्रांतीला सुट्टी मिळाली नाही. आईकडून कळतं की रविवारी ते काळ्या लॅपटॉपवर एकटेच पिक्चर लावतात, अर्धा बघतात आणि बंद करतात. "पाह्यवत नाई एकट्यानं," आई सांगते, "पण म्हणत नाईत तसं."

इथं पुण्यात माझ्या खोलीला जाड पडदे आहेत, गोधडी लागत नाही. नव्या पडद्यावर कुठूनही बघा, सारखंच दिसतं. दोघं काय, चौघं बसू शकतील. मी शनिवारी एखादा पिक्चर लावते. चांगला असतो. एखाद्या अंधाऱ्या दृश्यात मी नकळत शेजारी बघते आणि मग पुढचं कथानक माझ्या हातून सुटतं, मागे जाऊन परत लावावं लागतं.

गेल्या आठवड्यात मी बाबांना स्पष्टच म्हणाले, "तुम्ही इकडं या. आठ दिवस."

"जिनिंग बंद झाली की येतो."

"कधी होईल?"

"कापूस येऊन राह्यला अजून. उन्हाळ्यात पाहू." मग म्हणाले, "रिझर्व्हेशन तूच करजो. खिडकीजवळची सीट पाह्यजो."

तारीख त्यांनी सांगितलेली नाही. मी मात्र परवा जुन्या बाजारातून एक खुर्ची आणली, हात असलेली, पाठ टेकवता येईल अशी. पलंग भिंतीकडे सरकवल्यावर ती बरोबर मावली.