हे कोण वाचणार आहे?

माझे भावोजी भाषांतरकार. नोकरी कुणाची नाही, घरीच बसून काम. यंत्रांच्या माहितीपुस्तिका, औषधांची पत्रकं, कोर्टाचे कागद परक्या भाषेतून आपल्या भाषेत आणायचे. या कामात त्यांचा हात कुणी धरणार नाही, पण माणसांशी बोलायचं म्हटलं की आनंदीआनंद. सुरुवातीला कुणी चौकशी केली, "दहा पानं आहेत, उद्यापर्यंत होतील का?", तर हे एका शब्दात उत्तर धाडायचे, "नाही." एका कंपनीला तर, तुमच्या मूळ मजकुरातच छप्पन्न चुका आहेत, असं कळवून मोकळे झाले. ती कंपनी पुन्हा फिरकली नाही. "खरं तेच लिहिलं ना मी?" हे आणि वर.

शेवटी ताईनं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीनं, चौकशांना उत्तरं द्यायचं काम स्वतःकडे घेतलं. भावोजींच्याच नावानं लिहायची. तोडून नाही म्हणायचं नाही. "उद्या जमणार नाही, परवा दुपारी नक्की देतो," असं लिहायचं. भाव सांगण्याआधी कागद बघायला मागायचा. आणि एक प्रश्न प्रत्येकाला हमखास, "हे कोण वाचणार आहे?"

"कोण का वाचेना! तुला काय करायचंय?" मी चिडवायची.

"अगं, मशीन चालवणाऱ्याला वेगळं लागतं, विकणाऱ्याला वेगळं. वाचणारा कळला की निम्मं काम झालं."

गिऱ्हाइकं वाढली. भावोजी फार गोड माणूस आहे असा त्या सगळ्यांचा समज. प्रत्यक्ष भेटले असते तर चक्कर येऊन पडले असते.

एका खोलीत समोरासमोर दोन टेबलं, मध्ये दोन कॉम्प्युटर पाठीला पाठ लावून. बसल्यावर दोघांना एकमेकांचे फक्त केस दिसायचे. "काय आलंय गं?" पलीकडून विचारणा. "खताचं पत्रक. आधी हातातलं संपवा मुकाट," अलीकडून हुकूम. असा त्यांचा संसार.

मग ताई आजारी पडली. तिचे रिपोर्ट बाहेरच्या देशातल्या एका मोठ्या डॉक्टरकडे पाठवले. त्यांचं मत एका पानात आलं, तेही परक्या भाषेत. ताईला ती भाषा येत नव्हती. "घरात भाषांतरकार आहे, होऊन जाऊ दे," म्हणाली. भावोजींनी टाइप करून कागद तिच्या हातात दिला. गाठ साधी आहे, औषधं वेळेवर घेतली तर विरघळेल. ताईनं तो वाचला, घडी घातली आणि "चला, सुटलो!" म्हणाली.

मला मात्र त्यांनी जिन्यात गाठलं. कठडा धरून हा माणूस ढसाढसा रडला. "सगळं खोटं लिहिलंय गं मी. सगळीकडे पसरलंय. उन्हाळासुद्धा बघायची नाही ती." एकेका शब्दावरून जगाशी भांडणारा माणूस!

त्यानंतर घरात नुसतं नाटक. पुढच्या वर्षी घराला रंग द्यायचा, असं भावोजी म्हणायचे आणि ताई खिडक्यांसाठी पडदे निवडत बसायची. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडून घ्यायची. उन्हाळ्याआधीच ताई गेली.

"तिला काही कळलं नाही. भीती न वाटता गेली. तेवढं तरी माझ्या हातून झालं." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भावोजी हेच सांगायचे. त्याच एका वाक्याला धरून ते उभे होते. खरं सांगायचं तर मीही.

चौकशा येतच होत्या. भावोजी त्या उघडूनही बघेनात. एक दिवस माझं डोकंच फिरलं. "तिनं जमवलेलं सगळं मातीत घालणार आहात का? उठा!" हाताला धरून त्यांना ताईच्या खुर्चीत बसवलं. एका चौकशीपुढे ते परीक्षेतल्या मुलासारखे घामाघूम झाले. म्हटलं, ताई कशी लिहायची ते बघू, आणि तिनं पाठवलेल्या जुन्या मेल काढल्या. ते एकेक वाचत गेले. मध्ये चक्क हसले. "मी इतका गोड आहे?"

मग एक मेल आली ती वेगळीच. त्यात ताई उत्तर देत नव्हती, विचारत होती, तेही स्वतःच्या नावानं. कुठल्याशा अनोळखी भाषांतरकार बाईंना. "एक पान आहे. करून मिळेल का?" बाईंनी रीतसर उत्तर दिलं होतं. पान बघितलं, डॉक्टरी मजकूर आहे, हे कोण वाचणार आहे?

त्यावर ताईनं लिहिलं होतं, "मीच. पेशंट मीच आहे. शब्द मऊ करू नका. माझे यजमान तुमच्याच कामातले आहेत, पण एवढं एक पान त्यांच्याच्यानं झालं नाही. इतकं गोड ते कधी लिहीत नाहीत. मला कळलंय हे त्यांना कळू द्यायचं नाही. मला काही ठाऊक नाही, एवढाच त्यांना आधार आहे."

भावोजींनी कागद दिला, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची मेल.

"म्हणजे पडदे निवडत होती तेव्हा..." एवढंच ते बोलले.

मला दोघांचा भयंकर राग आला. एका खोलीत, हाताच्या अंतरावर बसून दोघं वेगवेगळे रडले. एकदा तरी गळ्यात पडून एकत्र रडायचं होतं! आता कुणाला सांगणार?

शेवटची मेल बाईंची होती. सोबत भाषांतर, आणि खाली, "काही बदल हवे असतील तर जरूर कळवा." आल्यागेल्या सगळ्यांना उत्तरं देणाऱ्या माझ्या ताईनं या मेलला उत्तर दिलं नव्हतं.

भावोजींनी कपाटातून डॉक्टरांचं मूळ पान काढलं. चष्मा पुसला. दुसऱ्याचं काम तपासताना करतात तसंच, ओळीवर बोट ठेवून दोन्ही मजकूर ताडून पाहू लागले. एका ओळीवर बोट बराच वेळ थांबलं, मग पुढे सरकलं. पान संपल्यावर त्यांनी स्वतः उत्तर लिहायला घेतलं. मी मागे उभी राहून वाचत होते.

"उत्तराला उशीर झाला, माफ करा. भाषांतर अचूक आहे. एकही शब्द बदलायला नको. जिला वाचायचं होतं, तिनं ते वाचलं."