गंगीची दगडी

आमची गंगी म्हैस चार दिवस आजारी होती, तेव्हा तिला काहीही झालेलं नव्हतं. जे झालं होतं ते मला झालं होतं. ही गोष्ट घरात दोघींनाच माहीत होती, मला आणि गंगीला. आणि दोघींपैकी गंगीनं ती लोकांना कळवायचा जास्त प्रयत्न केला, हे आज कबूल करायला हवं.

सत्तर सालाच्या आसपासची ही हकीकत. मी भोरची, सातवी पास. वेल्ह्याकडच्या माझ्या सासरच्या गावात त्या वेळी सातवी पास बाई म्हणजे मी एकटीच. कुणाचं पत्र आलं की वाचायला मी, औषधाच्या बाटलीवरचं वाचायलाही मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या पाणवठ्यावर चारचौघींत सांगायच्या, "आमची सून शिकल्याली हाय. तिला काय सांगावं लागत न्हाई." हे कौतुक पुढं मला चांगलंच भोवलं.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. तीन महिन्यांच्या नंदाला घेऊन मी सासरी आले, ती नेमकी भाताच्या लावणीत. आत्याबाईंनी घरी पोरीला सांभाळायचं आणि मी चिखलात उतरायचं, असं ठरलं. सकाळी पाजून जायचं ते एकदम दुपारी येऊन पाजायचं. मधल्या वेळात दूध भरून यायचं, चोळी भिजायची. पण शेजारच्या ओळीत मामंजी (म्हणजे माझे सासरे), पलीकडे आमचे हे. "मी जरा पोरीला पाजून येते" असं कुणाला म्हणणार? मान खाली घालायची आणि रोप लावत राहायचं. आठवडाभरात डाव्या बाजूला गाठ लागली. दुसऱ्या दिवशी ती अख्खी बाजू घट्ट, लाल आणि तव्यासारखी तापलेली. हात वर केला की डोळ्यांपुढं काजवे चमकत. अंगात ताप, भर दुपारी थंडी. नंदाला त्या बाजूला घेतलं की जीव नकोसा व्हायचा.

मग मी माझं शिकलेलं डोकं चालवलं. अंगात ताप आहे, म्हणजे दूध तापातलं. तापातलं दूध पोरीला बाधणार! मी त्या बाजूला पाजायचं बंदच करून टाकलं. (सातवीच्या पुस्तकात असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. हा माझा स्वतःचा शोध.) एका बाजूवर पोरीचं भागेना. ती भुकेनं रडायची, मी कळांनी रडायची, आणि आत्याबाई म्हणायच्या, "दृष्ट लागली वाटतं मायलेकीला." खरं सांगते, मला भीती वाटत होती. माझं दूध आटलं तर ही पोर कशावर जगेल, हा एकच विचार मनात असायचा.

तरी मी सांगितलं नाही. सांगायचं कुणाला? नवऱ्याशी दिवसा बोलायची रीत नव्हती. मामंजींसमोर पदर नाकापर्यंत. आत्याबाईंचा धाक असा, की त्यांनी हाक मारली की हातातलं भांडं आपोआप घासून व्हायचं! आणि सांगायचं ते कोणत्या तोंडानं? म्हशीच्या कासेबद्दल आमच्याकडे जेवताना, सगळ्यांदेखत, तपशीलवार बोलणं चालायचं. बाईच्या अंगाबद्दल मात्र बाई बाईशीसुद्धा बोलत नसे.

तशात एका दुपारी शेजाऱ्यांकडे गुरांचे डॉक्टर आले. महिन्या-दोन महिन्यांनी सायकलला पेटी बांधून ते गावात यायचे. शेजारची गाय तपासून ते आमच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकले. मी नंदाला पाजायला शेतातून आलेली. आत्याबाई पाण्याला गेलेल्या. मी तांब्या ठेवला, दाराआड झाले, आणि कुठून धीर आला कोण जाणे, विचारून बसले, "डॉक्टर, एका बाजूची कास कडक झाली तर काय करायचं?"

"दगडी झाली आसंल म्हशीला. किती दिस झालं?"

"दोन."

"हाताला गरम लागती?"

"लई."

"खाती का?"

"खाते. पण मनापासून नाही."

डॉक्टरांनी तांब्या खाली ठेवला. "मनापासनं न्हाई, ते कसं वळखलं?"

"तोंडावरून," मी म्हटलं.

"रेडकू पितंया?"

"त्या बाजूला लावलं की फार कळ येते हो. नको वाटतं."

"लाथ मारती?"

"छे हो! मारणार कुणाला? सगळी मोठी माणसं!"

डॉक्टर पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "वहिनी, जनावरावर लई माया हाय तुमची. घाबरू नका. कढत पाण्यानं शेका. जवसाचं पोटीस बांधा. दूध आत साठू देऊ नका, आधी तीच बाजू मोकळी करायची. रेडकूबी त्याच बाजूला लावा. ते वढतं तसं मानसाच्या हाताला जमत न्हाई."

मला हवं ते सगळं मिळालं होतं. मी आत वळणार, एवढ्यात दारात घागर आदळली.

"गंगीला दगडी?" आत्याबाई ओरडल्या. "आन मला कुनी सांगितलं न्हाई?"

झालं! शेतावर सांगावा गेला. मामंजी आणि हे गुडघाभर चिखलानिशी धावत आले. डॉक्टरांनी गोठ्यात बसून गंगीला तपासलं. पुन्हा तपासलं. "मला तर चारी सड मऊ लागत्यात."

"नीट बगा," मामंजी म्हणाले. "आमची सून सातवी शिकलीया. तिनं बघितलं म्हंजी आसनारच."

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा हात लावला. सातवीपुढं त्यांचंही काही चालेना. "सुरवात आसंल," ते म्हणाले. "आठ दिवस दूध मानसांनी पिऊ नका." आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले. तेव्हा मी बोलायला हवं होतं. पण गोठ्यात दोन पुरुष, दारात आत्याबाई, आणि मी दाराआड. मी पदर आणखी पुढं ओढला.

त्या दिवसापासून गंगीची जी बडदास्त सुरू झाली, तशी गावात कुठल्या बाळंतिणीची झाली नसेल. तिला गूळ, बाजरीचं आंबोण. घरात काळा चहा. रोज एक पेलाभर दूध माझ्या वाट्याला यायचं, तेही 'रोगी' म्हणून उकिरड्यावर जाऊ लागलं. गोठ्यात गारठा नको म्हणून घोंगडं हवं होतं. घरातलं जाड घोंगडं एकच, मी पांघरायची ते. ते गंगीच्या पाठीवर गेलं. आत्याबाईंनी मीठमिरच्या उतरून तिची दृष्ट काढली. आणि शेकायचं पाणी तापवायला, जवस वाटायला, पोटीस शिजवायला कोण? मी! अंगात ताप, डावा हात उचलत नाही, आणि उजव्या हातानं मी माझ्याच दुखण्याचं औषध म्हशीसाठी वाटते आहे.

गंगी बिचारी अशा सेवेला तयार नव्हती. धडधाकट कासेला कढत फडकं लागल्यावर तिनं आमच्या ह्यांना अशी लाथ घातली, की ते थेट शेणाच्या पाटीत जाऊन बसले. "लाथ माराय लागली!" मामंजी घाबरून म्हणाले. "दुखनं वाढलं! शेक वाढवा!" शेक वाढवला. लाथा वाढल्या. हे लंगडत चालू लागले. मला हसू येत होतं, आणि हसलं की डावीकडे अशी कळ जायची, की डोळ्यांत पाणी यायचं.

चौथ्या दिवशी मला उभं राहवेना. सगळे गोठ्यातून बाहेर पडल्यावर मी पातेल्यात उरलेलं कोमट पोटीस घेतलं, गव्हाणीमागं बसले आणि चोळीच्या आत लावलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! पहिल्यांदाच कुणी तरी मायेनं हात ठेवल्यासारखं वाटलं. डोळे मिटून मी तशीच बसून राहिले. उघडले तेव्हा समोर आत्याबाई.

मी म्हटलं, आता संपलं. म्हशीचं औषध चोरताना सापडले! आत्याबाई खाली बसल्या, माझा पदर बाजूला केला आणि हात लावला. तो हात चटका बसल्यासारखा मागं आला.

"किती दिस?"

"सहा."

"आन म्हशीला?"

"म्हशीला काही नाही झालेलं, आत्याबाई."

मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. पण त्या गव्हाणीला टेकल्या आणि त्यांचं तोंड एकदम म्हातारं दिसायला लागलं. "तुज्या नवऱ्याच्या आधी मला एक लेक हुती," त्या म्हणाल्या. "मलाबी आसंच झालं. म्याबी बोलले न्हाई. सासूला भ्याले. गाठ पिकली, फुटली, दूध गेलं. शेळीच्या दुधावर चार म्हैनं काढलं पोरीनं. मग गेली." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आन तू मला भ्यालीस व्हय गं? म्या तशीच झाले, न्हाई का?"

मी आत्याबाईंना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मीही रडले. गंगी आमच्याकडे पाहत शांतपणे रवंथ करत होती. तिच्या पाठीवर माझं घोंगडं होतं. आत्याबाई उठल्या, ते घोंगडं ओढून माझ्या अंगावर टाकलं आणि बाहेर जाऊन गरजल्या, "गाडी जुपा!"

"म्हशीला न्यायचं?" मामंजींनी विचारलं. "गाडीत मावंल का?"

"सुनंला!"

बैलगाडीनं आम्ही मार्गासनीला आलो, तिथून वेल्ह्याची एसटी धरली. मी नंदाला घेऊन कोपऱ्यात अंग चोरून बसले. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, कुठलं तिकीट?"

"वेल्ह्याचं," आत्याबाई भरल्या गाडीत म्हणाल्या. "सुनंचं दूध गाठलंया. दवाखान्यात नेतीया."

मला वाटलं, गाडीची फळी फुटावी आणि मी खाली रस्त्यावर पडावं. कंडक्टर तिकीट फाडायचं विसरला. मग पुढच्या बाकावरची एक म्हातारी वळून म्हणाली, "कंची बाजू?" मागची एक म्हणाली, "माझंबी झालंतं, थोरल्याच्या येळंला." तिच्या शेजारणीलाही झालं होतं. वेल्हं येईपर्यंत चार बायकांनी आपापलं सांगून टाकलं. गाडीतले सगळे पुरुष खिडकीबाहेर डोंगर पाहत होते, जन्मात पाहिले नसल्यासारखे. मी मात्र ऐकत होते. एवढ्या जणींना झालं होतं आणि एकीनंही आजवर तोंड उघडलं नव्हतं.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तपासलं आणि मला फटकारलं. "आणखी दोन दिवस थांबला असतात तर चिरावं लागलं असतं." त्यांनी डॉक्टरांना दाखवलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "पाजायचं बंद का केलंत? ताप असला तरी पाजायचं, त्याच बाजूला आधी. कढत पाण्यानं शेकायचं. दूध साठू द्यायचं नाही. पोर ओढते तसं दुसऱ्या कशानं मोकळं होत नाही."

आत्याबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "बाई, ह्येच तर गुरांच्या डाक्तरनं सांगितलंया! आमी चार दिस करतूय!"

"मग यांची ही अवस्था कशी?"

"ते म्हशीला केलं."

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. "म्हशीची तब्येत आता छान असेल," त्या म्हणाल्या.

तिथंच बाकावर मी नंदाला डाव्या बाजूला घेतलं. पहिल्या घोटाला मी आत्याबाईंचा हात असा दाबला, की त्यांच्या दोन बांगड्या फुटल्या. त्यांनी हात काढून घेतला नाही. मग हळूहळू आतलं ओझं उतरायला लागलं. नंदा पोटभर प्याली, बऱ्याच दिवसांनी न रडता झोपली, आणि आत्याबाई तिच्या टाळूवरून हात फिरवत राहिल्या. त्या वेळी त्यांच्या मनात कोणती पोर होती, ते मी विचारलं नाही.

पाच-सहा दिवसांत मी बरी झाले. लावणी संपेपर्यंत आत्याबाई दिवसातून तीनदा नंदाला कडेवर घेऊन बांधावर यायच्या आणि मामंजींना सांगायच्या, "तिकडं तोंड करा, पोरीला प्यायचंय." मामंजी मुकाट्यानं वळायचे.

एक दिवस गुरांचे डॉक्टर पुन्हा आले. "गंगी कशी हाय?"

"बरी झाली," आत्याबाई नंदाला मांडीवर थोपटत म्हणाल्या. "तुमच्याच औषदानं. शेकलं, पोटीस लावलं, लेकराला त्याच बाजूला घेतलं."

"लेकराला?"

"रेडकाला हो."

डॉक्टर खूश झाले. पेटीतून सरकारी वही काढून त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "म्हैस, एक. दगडी. पूर्ण बरी."

"आनि ह्येबी लिवा," आत्याबाई दाराकडे पाहत म्हणाल्या. दाराआड मी उभी होते. "आता दुखलं-खुपलं तर आमची म्हैस तोंडानं सांगनार हाय."

डॉक्टर हसले, पण तेवढं त्यांनी लिहिलं नाही. सातवी पास झाल्याच्या दाखल्यानंतर सरकारी कागदावर माझी दुसरी नोंद झाली, ती ही अशी.