लसणात डावीकडे वळा

ज्वारी काढून झाली की शेतात मागे चार कणसं राहतातच. बायका टोपली घेऊन ती वेचायला जातात, त्याला सरवा म्हणतात. आमच्या शेताचं पक्षी-वन होऊन आता बरीच वर्षं झाली, पण तिथल्या किश्शांचा सरवा काही संपत नाही. आज टोपली भरली वाटावं तर उद्या आणखी दोन सापडतात. मी सांगते, माझी नात मुग्धा लिहिते. मला अक्षर येत नाही, पण आठवतं सगळं. त्या दिवशी भाजी कसली होती ते पण.

तर शेत शहराबाहेर, घर शहरात, बडा गणपतीच्या देवळाजवळ. आमचे हे नोकरीत होते, शेती सगळी धाकट्या दिराने केली, बापूने. चाळीस वर्षं. मी लग्न होऊन आले तेव्हा बापू सहावीत होता, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते आणि तो मला अहो वहिनी. लग्न त्याने केलंच नाही. कोणी विषय काढला की म्हणायचा, "शेत आहे ना."

मग हे गेले, बापूचे गुडघे गेले, आणि चारी बाजूंनी कॉलन्या आल्या. बिल्डर रोज दारात. त्याच सुमाराला एका संस्थेची माणसं आली. म्हणाली, जमीन आम्हाला द्या, आम्ही पाखरांसाठी राखतो, बांधकाम काही नाही. मी म्हटलं, दिली. कागदावर मी अंगठा लावला. बापूने सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, "चाळीस वर्षं ज्यांना हाकललं, त्यांनाच शेत दिलंत वहिनी."

ते शेवटचं. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद.

*

बंद म्हणजे घर एकच, ताट शेजारी, पण बोलणं मुग्धामार्फत. "मुग्धा, त्यांना सांग चहा गार होतोय." मी समोर बसलेली.

एकदा सगळे लग्नाला देवासला गेले. घरात आम्ही दोघंच. जेवताना बापू इकडेतिकडे बघतो, निरोप द्यायला कोणी नाही. शेवटी फ्रिजकडे तोंड करून म्हणाला, "भाजीत मीठ कमी आहे."

मी पण फ्रिजलाच म्हटलं, "त्याला सांग, डॉक्टरने बीपी सांगितलंय."

फ्रिज बिचारा दोन दिवस दोघांच्या मध्ये उभा.

*

आमच्या शेजारचं शेत राधेश्याम भियांचं, इकडे भैयाला भियाच म्हणतात. त्यांनी पण जमीन दिली, आणि संस्थेने त्यांनाच तिथे चौकीदार ठेवलं. तिथली बडी मॅडम म्हणजे रिद्धी, वय तीसेक, पायात बूट, गळ्यात दुर्बीण. पहिल्या पावसाळ्यात तिने कुठून कुठून बी आणून गवत पेरलं. मुनिया पाखरांना घरटी बांधायला तेच गवत लागतं म्हणे. उगवलं छान. मग ती चार दिवस भोपाळला गेली.

परत येऊन बघते तर जमीन आरशासारखी. राधेश्याम भिया खुरपं घेऊन ऐटीत उभे.

"मैडमजी, आप थीं नहीं, मैंने पूरा साफ कर दिया. एक तिनका नहीं छोड़ा."

मॅडम मटकन खालीच बसली. "काकाजी, वो घास मैंने लगाई थी."

भियांनी एकदा जमिनीकडे बघितलं. मग खुरपं मागे लपवून हळूच म्हणाले, "बेटा, घास भी कोई लगाता है?"

दुसऱ्या वर्षी गवत परत पेरलं. मॅडम कुठेही जाताना भियांचं खुरपं बरोबर घेऊन जायची.

*

आता तिथे रस्ते आहेत, पाट्या आहेत, पण मला पाट्या वाचता येतात थोड्याच? एका रविवारी गेटपाशी एका कुटुंबाने विचारलं, "माताजी, तालाब किधर है?" मी सांगितलं, "सीधे आलू में से जाओ, लहसुन आएगा, वहाँ से बाएँ मुड़ जाना."

ते गेले, आणि अर्ध्या तासाने फिरून परत गेटावर. म्हणाले, "माताजी, लहसुन तो कहीं दिखा नहीं." लसूण काढून तीन वर्षं झाली होती.

मॅडम खूप हसली. पण माझं आणि भियांचं बोलणं ऐकून ऐकून तिलाही तीच सवय लागली. एक दिवस तिच्या हातातल्या वॉकीटॉकीवर मी स्वतः ऐकलं, "काकाजी, नीलगाय लहसुन में है, लोगों को चने की तरफ से लाइए."

घरी येऊन मी मुग्धाला हे मुद्दाम मोठ्याने सांगितलं. बापू पेपर वाचत होता. पान उलटायचं विसरला.

*

मॅडमला मीच एकदा घरी घेऊन आले. बापू खोलीतून बाहेर येईना. मग तिने मोबाइलवर एका पाखराचा फोटो उघडून दाराच्या फटीतून दाखवला. "बापूजी, ये आपके खेत में कब आता था?"

आतून आवाज आला, "ज्वारीत दूध भरलं की. सकाळी. पहिले दोन येतात, बघून जातात, मग शंभर आणतात. पक्का चोर."

ती दारातच बसली, वही काढली. बापूने एकेका चोराची कुंडली सांगितली. कोण कणसावर उलटा लटकतो, कोण खाली सांडलेलंच खातो, कोण नुसती नासधूस करतो. पोपटांवर तर पाऊण तास. मॅडमने नऊ पानं भरली.

उठताना बापू म्हणाला, "अब मत आना."

ती पुढच्या गुरुवारी आली. बापूने इस्त्रीचा शर्ट घातलेला होता.

*

शेवटी एका सकाळी बापू शेतावर गेला. कोणाला न सांगता, रिक्षा करून. चार वर्षांनी पहिल्यांदा. हे मला भियांनी सांगितलं.

तिकडे त्या दिवशी दहा-बाराजण मोठमोठे कॅमेरे घेऊन झुडपांत दबा धरून बसलेले. तासभर कोणी खोकलं सुद्धा नाही. आणि पोपटांचा मोठा थवा आला, समोरच उतरायला लागला.

मागून बापूने हाळी घातली, "हाऽऽ हूऽऽ! हाऽऽऽ!"

थवा गेला. एक गृहस्थ कॅमेरा धरून रडवेल्या आवाजात म्हणाले, "अंकलजी, ये क्या किया आपने?"

बापूचे हात अजून वरच होते. त्याला स्वतःलाच समजेना. भिया पुढे होऊन म्हणाले, "साहब, माफ करना. चालीस साल की नौकरी है इनकी."

त्या संध्याकाळी बापू जेवला नाही. पाण्याची बाटली घ्यायला फ्रिज उघडला आणि आत बघतच म्हणाला, "तोंडातून निघून गेलं. मुद्दाम नाही केलं."

मी त्याचं ताट झाकून ठेवलं. फ्रिजने तरी काय सांगावं.

*

मॅडम दुसऱ्या दिवशी आली. बापूला वाटलं, आता ही गेटबंदी सांगणार. ती आमच्याकडे येऊन येऊन शिकलेल्या मराठीत म्हणाली, "बापूजी, विहिरीजवळचा तुकडा रिकामा आहे. ज्वारी पेराल?"

"काढणार कोण?"

"कोणी नाही."

बापू दोन दिवस विचार करत होता. तिसऱ्या दिवशी बियाणं बघायला मंडीत गेला.

ज्वारी आली, पुरुषभर उंच. भियांनी बापूच्या गुडघ्यांच्या मापाचं बुटकं मचाण बांधून दिलं, चार पायऱ्यांचं. बापू रोज सकाळी जाऊन त्यावर बसायला लागला, जुनी गोफण खांद्यावर टाकून. गोफण कशाला, ते विचारायची कोणाची हिंमत नव्हती. मॅडमची सुद्धा.

कणसं भरली तशी एक दिवस मीच डबा घेऊन निघाले, पूर्वी न्यायचे तशी. मेथीची भाजी, भाकरी, लसणाची चटणी. बटाट्यातून गेले, लसणात डावीकडे वळले. वाळलेल्या पानांवर माझ्या चपला कराकरा वाजत होत्या. समोर बघते तर सगळी ज्वारी हिरवीगार हलतेय. पोपटच पोपट. कणसं ओझ्याने वाकलेली. बापू मचाणावर, गोफण मांडीवर.

त्याने मला पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं.

"वहिनी, जरा हळू या. जेवतायत सगळे."