बटणावर ज्योती

प्रत्येक घरात एक डबा असतोच. वाकडे खिळे, सुटे स्क्रू, कशाचे तरी वायसर. कुणी मुद्दाम जमवत नाही, टाकून द्यायलाही हात होत नाही, आणि डबा भरत जातो. आमच्या तुडील गावच्या मशीनवाल्या बायकांचे किस्से असेच साठलेत. लोक ऐकून हसतात. मीही सांगताना हसते. पण खरं सांगायचं तर या प्रत्येक किश्श्यात मी मनापासून घाबरलेली होते, आणि एकात तर अजूनही आहे.

सुरुवात वत्सलाकाकूंपासून. आमच्या घराच्या खालच्या अंगाला, नदीकडे, त्यांचं घर. वय सत्तरीला टेकलेलं, एकट्या राहतात. मुलगा नालासोपाऱ्याला. तो एकदा गणपतीला येताना ड्रिल मशीन घेऊन आला, फळी लावायची म्हणून. चार दिवस आरत्यांत आणि पत्त्यांत गेले. मुलगा परत गेला, फळी आणि मशीन दोन्ही इथेच राहिलं.

पुढच्या गणपतीपर्यंत फळीनं खाली कशाला थांबायचं, असं म्हणून काकूंनी पदर खोचला. शेजारची सुरेखा मदतीला. ती अंगानं मजबूत, भाताचं पोतं एकटी उचलते. मलाही हाक मारली. मला मशीनच्या आवाजाचीच भीती. मी म्हटलं, "मी लांबूनच बघते."

काकूंनी बोर्डाकडे बोट दाखवलं. "तू बोर्डाजवळ उभी ऱ्हा. आमच्यातली कोण वरडली की बटण बंद कर. दुसरं काय करू नको."

तेव्हापासून ती आमची रीतच झाली. काकू मशीन धरणार, सुरेखा काकूंना धरणार आणि मी बोर्डाशी, बोट बटणावर. कुठल्याही घरात काम निघालं की काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला, "बटणावर ज्योती हाय ना?"

*

एकदा काकूंनी देवांच्या फोटोसाठी बोर्डाच्या बरोबर वर भोक पाडायला घेतलं. तिथून वायर जात असेल असं आमच्या तिघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. भिंतीत वायर असते हे माहीत सगळ्यांना होतं, पण आपल्या भिंतीत असेल असं कुणाला वाटतं?

मशीन सुरू झालं, भिंतीतून लाल पूड गळायला लागली आणि एकदम फट्ट झालं. निळा जाळ दिसला, घर काळोखलं, जळका वास सुटला. काकू स्टुलावर होत्या, हातात मशीन तसंच. सुरेखानं त्यांचे पाय घट्ट धरलेले. मला वाटलं, गेल्या काकू. माझं बोट बटणावरच होतं, पण मी डोळे मिटून घेतले होते आणि बटण दाबायचं विसरले होते.

मग वरून शांत आवाज आला. "चला, आता कळलं तरी वायर कुठनं गेलीय ती."

त्या दिवसानंतर रबरी चपला घातल्याशिवाय कुणी मशीनला हात लावायचा नाही असा नियम झाला. मला डोळे उघडे ठेवायचा वेगळा नियम.

*

खंडेनवमीला आमच्याकडे कोयते, विळे, पहार, नांगराचा फाळ, सगळं धुवून पुजायला ठेवतात. त्या वर्षी ड्रिल आमच्या घरी होतं. माझ्या सासूबाईंनी कोयत्याबरोबर तेही राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं खसखसून घासलं, वरून दोन तांबे पाणी ओतलं. मी किंचाळलेच.

"लोखंड हाय ना? मग धुवायला नको?" त्या म्हणाल्या. मग पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं, तेही सढळ हातानं.

आठ दिवस मशीन उन्हात वाळवलं. नवव्या दिवशी सुरेखानं हातात घेतलं, मी बटणावर. या वेळी डोळे उघडे होते, आणि तेच वाईट झालं. मशीन घुमलं आणि त्याच्या जाळीतून भस्सकन लाल काहीतरी उडालं. सुरेखाचं सगळं तोंड लाल. ती ओरडली, मी ओरडले, बटण बंद केलं आणि मटकन खाली बसले. तिचा डोळा गेला असंच मला वाटलं.

कुंकू होतं ते. सासूबाई जवळ आल्या, सुरेखाचा चेहरा नीट निरखून म्हणाल्या, "आन् हळद कुठं गेली?"

*

मग ग्रास कटर आलं. पेट्रोलवर चालणारं, पट्ट्यानं खांद्याला लटकवायचं, पुढे लांब दांडा आणि टोकाला गोल पातं. पावसाळ्यानंतर आमच्या परसात कमरेएवढं गवत होतं आणि गवतात काय काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे. विळ्यानं कापताना हात आत घालावा लागतो. म्हणून सुरेखानं ते मशीन आणवलं.

मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. त्याला बोर्ड नाही, वायर नाही. मी उभं कुठं राहायचं?

सुरेखा गवत कापत निघाली. मी, काकू आणि सासूबाई अशा आम्ही तिघी ओट्यावर. एवढ्यात पात्याखालून काळं, लांब काहीतरी उसळलं आणि वळवळलं. सुरेखा ओरडली, "साप!" आणि ओट्याकडे पळत सुटली. मशीन खांद्याला तसंच. भीतीनं मूठ आवळलेली, आणि त्या मशीनचं असं आहे की मूठ आवळली की पातं आणखी जोरात फिरतं. ती सापाला भिऊन आमच्याकडे पळत होती आणि आम्ही तिला भिऊन घरात. सासूबाईंना तर मी इतकं चपळ कधीच पाहिलं नव्हतं. दाराला कडी लावली आणि आतून ओरडत राहिलो, "मूठ सोड गो, मूठ सोड!"

अखेर तिनं मूठ सोडली. आम्ही हळूच दार उघडलं. परसात कापलेला काळा पाइप पाणी उडवत वळवळत होता. वाडीच्या नळाची लाईन होती ती. दोन दिवस सगळ्या वाडीनं विहिरीवरून पाणी भरलं आणि आमचा उद्धार केला.

सासूबाई हंडा डोक्यावर घेऊन येताना म्हणाल्या, "साप असता तर बरा होता."

*

आता जाळीचं सांगते. काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वानरं आत यायची. एकदा भाकऱ्यांची चळत नेली, एकदा तेलाची बरणी पाडली. खिडकी मागच्या बाजूला, बोळाकडे. काकूंनी महाडहून लोखंडी जाळी करून आणली. चार कोपऱ्यांना चार पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीला भिंतीत ठोकायला दोन लांब बोल्ट. एवढे कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "एकटी बाई ऱ्हाते मी. वानर काय, चोर काय."

भोकं काकूंनीच पाडली, बोल्ट काकूंनीच आवळले. तेवढ्यावर थांबतील तर त्या काकू कसल्या? लोखंड कापायचा, वायरवरचा एक जुना कटर मागून आणला आणि आठही बोल्टांची डोकी घासून सपाट केली. म्हणजे पाना लावायलासुद्धा काही गावायला नको. मग दोन्ही हातांनी जाळी पकडून लोंबकळून दाखवलं.

"पहार लावलीस तरी निघायची नाय." इतकं खूश मी त्यांना क्वचितच पाहिलंय.

त्या कटरवर काकूंचा जीव जडला. मुलाच्या मागे लागून त्यांनी स्वतःचा नवा मागवला, तो बॅटरीवरचा निघाला. त्यांच्या घरात ओल फार, म्हणून ठेवायला माझ्याकडे दिला. म्हणजे बघा, जिला भीती तिच्याच घरात. भिंतीत बटण नाही, मधेच बंद करायला कुणी नाही. रात्री आपोआप सुरू झाला तर? म्हणून मी पहिल्याच दिवशी पूर्ण चार्ज झालेली बॅटरी काढून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. सुरेखा महिनाभर हसत होती. "तांदूळ चार्ज झाले काय गो?"

*

पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. वीज आदल्या दिवशीच गेली होती. सकाळी नऊच्या सुमाराला सावित्री नदी काठ सोडून वाडीत शिरली. पाणी दर दोनतीन वर्षांनी येतं, काकूंच्या पायरीला लागतं आणि परत जातं. म्हणून काकू घरातच थांबल्या होत्या. या वेळी ते थांबलं नाही. जे काही पुरुष गावात होते ते गुरं आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन वर शाळेकडे गेले होते. काकू त्यांच्यात असतील असं आम्हाला वाटलं, आणि त्यांना वाटलं आमच्याकडे.

बोळातून हाक आली तेव्हा मी आणि सुरेखा गोधड्या माळ्यावर टाकत होतो. "ज्योती गो!"

धावलो. बोळात मांडीभर पाणी. पुढच्या दाराशी जायची सोयच नव्हती, अंगणातून नदीच वाहत होती. खिडकीशी आलो तर आत काकू स्वयंपाकाच्या ओट्यावर उकिडव्या बसलेल्या, पाणी ओट्याच्या खाली वीतभर. गॅसचा सिलिंडर तरंगत होता आणि ओट्याला ठण् ठण् आपटत होता. मागचं दार त्या घराला नाही. आहे ती खिडकी, आणि खिडकीला ती जाळी.

सुरेखानं दोन हिसके दिले. जाळी हलली नाही. पहार लावली. खरंच निघाली नाही.

मी घरी परत गेले. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, बॅटरी काढली आणि कटर छातीशी धरून आले. सुरेखाला म्हटलं, "घे."

ती म्हणाली, "पाणी बघ. मी तुला धरीन. तू मला धरलंस तर दोघी जाऊ."

खरं होतं ते. मी हडकुळी, माझ्यानं ती आवरली नसती. तिनं एका हातानं न्हाणीचा खांब पकडला आणि दुसरा माझ्या कमरेला घातला. मी बॅटरी बसवली. तिच्यावरचे चार्जचे चारही दिवे लागले. एवढ्या महिन्यांत कुणी वापरलाच नव्हता. मी इतकी घाबरले होते की रडत होते, मोठ्यानं, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

"सिलिंडर?" मी विचारलं.

"बंद केलाय," काकू आतून म्हणाल्या. "ठिणग्यांना भिऊ नको."

मी बटण दाबलं आणि समोर जो पहिला गज दिसला त्यावर पातं टेकवलं. ठिणग्या तोंडावर आल्या. पाणी आता ओट्यावर चढलं होतं, काकूंचं लुगडं भिजलं होतं. त्या ओरडल्या. मी सवयीनं मशीन बंद केलं.

"गज नको गो कापू. कोपऱ्याच्या चार पट्ट्या काप, कडेनं, सरळ. परत बसवायची हाय."

मी कडेनं कापायला लागले. पहिली पट्टी तुटली, दुसरी तुटली. तिसरीला बॅटरीचा एकच दिवा उरला. काकूंनी आतून दोन्ही हातांनी जाळी धरली होती आणि पाणी त्यांच्या गुडघ्यांना लागत होतं. सुरेखा मागून काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक देवाचं नाव. चौथी पट्टी अर्धी कापली आणि मशीन थांबलं. मी बटण परत परत दाबलं. काही नाही. सुरेखानं खांब सोडला, माझ्या खांद्यावरून हात पुढे घातला आणि उरलेली पट्टी एका हिसक्यात वाकवून तोडली.

खिडकी मोकळी झाली. मी कटर पाण्यात टाकला आणि दोन्ही हात आत घातले. "काकू, या. लवकर या."

काकूंनी आधी माझ्या हातात जाळी दिली.