धुतल्या तांदळासारखा

आमच्या घरात तिला सगळे ‘इस्त्री’ म्हणतात. माझ्या पुतण्याची ती बायको. लग्न होऊन आली तेव्हा थोरल्या जाऊबाई, म्हणजे तिची सासू, पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, “आम्ही स्त्री मागितली, देवानं इस्त्री पाठवली!” सगळे हसले, तीही हसली. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरी आणि टॉवेलांचा विभाग ती सांभाळते, आणि तिला त्याचा अभिमान आहे. तिच्या हाताखालून गेलेली चादर कागदासारखी उभी राहते. तिथल्या वाफेनं तिचे हात कोपरापर्यंत कायम लाल असतात. घरी आली की आधी अंघोळ, मग बोलणं.

स्वच्छता हाच तिचा धर्म होता. त्या धर्मापायी तिनं स्वतःला किती छळलं ते मी पाहिलं आहे. पण तिच्यावर मी चिडलेली नाही. ज्यांनी तिला वेळीच ‘थांब’ म्हणायला हवं होतं, त्यांच्यावर चिडले आहे.

तिला मूल होत नव्हतं. उपचार सुरू झाले. प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ दोन वेळा तिच्या गर्भाशयात सोडला, दोन्ही वेळा रुजला नाही. आता क्लिनिकच्या फ्रीझरमध्ये शेवटचा एक गर्भ उरला होता. पुन्हा अंडी काढायची नाहीत, असं तिनं ठरवलं होतं. मागच्या खेपेला अंडी वाढवायच्या इंजेक्शनांनी पोटात पाणी साठून ती हॉस्पिटलात पडली होती, श्वासही धड घेता येत नव्हता. म्हणजे जी काय आशा होती, ती त्या एकावर.

क्लिनिकमध्ये नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी योनीमार्गातल्या जंतूंची तपासणी करायला सांगितली. (मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मुलीच्या देहाला गळ्याखाली आणि गुडघ्यांवर काही नसतंच, असं आमच्या सिस्टर्सचं मत होतं. तरी हा शब्द मी आता न अडखळता लिहिते. न लिहून कुणाचं भलं झालेलं पाहिलं नाही.) निकालाच्या दिवशी पुतण्याच्या चष्म्याच्या दुकानात मालाची मोजदाद होती. निकालाच्या दिवशी ती नेहमीच असते. म्हणून आम्ही दोघी जावा तिच्याबरोबर गेलो.

“चांगले जंतू फार कमी आहेत,” कागदावरची नजर न काढता डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दुसऱ्याच जंतूंची गर्दी झालीय. महिन्याभरानं परत बघू.” बाहेर पडताना नर्सनं खांद्यावर थोपटलं, “स्वच्छता ठेवा हं.”

संपलं. चांगले जंतू म्हणजे काय, स्वच्छता म्हणजे कसली, कोणी सांगितलं नाही. आणि जाऊबाईंच्या कानात त्या सगळ्यातला एकच शब्द शिरला.

“जंतू!” रिक्षात बसल्या बसल्या त्या सुरू झाल्या. “जगाच्या चादरी धुते आणि स्वतःच्या अंगात जंतू पाळते. गर्भ राहील कसा? मी गर्भ असते तर मीही राहिले नसते.”

“जाऊबाई, रिक्षावाला ऐकतोय.”

“ऐकू दे. त्याच्याही घरी सुना असतील.”

दुसऱ्या दिवसापासून तिची बादली वेगळी, टॉवेल वेगळा, कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा वेगळी. पुतण्या मान खाली घालून जेवत होता. चष्मे विकतो, पण घरातलं काही त्याला दिसत नाही.

महिन्याभरानं मी एकटीच तिच्याबरोबर गेले. निकाल पहिल्यापेक्षा वाईट आला होता. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“तुम्ही आतून धुता का?”

“हो तर,” इस्त्री म्हणाली. हजेरी देताना बोलावं तशी. “रोज. आधी दिवसातून एकदा धुवायचे, आता दोनदा. जंतुनाशक घालून, पिचकारीनं.”

“कधीपासून?”

“इथं यायला लागले तेव्हापासून. गर्भ सोडायच्या आदल्या दिवशी तर जास्तच. म्हटलं, एवढ्या लांबून पाहुणा यायचा, घर स्वच्छ नको?”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटतं त्या क्षणी त्यांना लाज वाटली असावी. वाटायलाच हवी होती. मग त्यांनी जे समजावलं ते कुठल्याही शाळकरी मुलीला कळलं असतं. त्या जागी काही जंतू असावेच लागतात. ते तिथं आंबटपणा तयार करतात आणि त्या आंबटपणात वाईट जंतू टिकत नाहीत. आतून धुतलं की पहारेकरीच वाहून जातात आणि घर चोरांना मोकळं होतं. ती जागा स्वतःची स्वच्छता स्वतः ठेवते, बाहेरून साधं पाणी पुरतं.

इस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला. “म्हणजे ते दोन… मी धुऊन टाकले?”

“नाही, तसं म्हणू नका. हे जंतू बिघडलेले असतात तेव्हा गर्भ कमी रुजतात असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत दिसलेलं नाही. तुमच्या बाबतीत कारण तेच होतं असं छातीवर हात ठेवून कोणीच सांगू शकणार नाही.”

“पण विचारू तर शकलं असतं कोणीतरी,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, बाहेरच्या बायका दारातून डोकावू लागल्या. “इतकी वर्षं हिच्या रक्ताचा थेंब न् थेंब तपासलात. तू घरी काय करतेस, हा एक प्रश्न विचारायला कुठलं यंत्र लागतं?”

डॉक्टरीणबाईंनी पेन पुन्हा उचललं. औषध आलं. ते नवरा-बायको दोघांनीही घ्यायचं होतं. हे जंतू नवऱ्याकडूनही परत येऊ शकतात, नुसत्या तिनं घेऊन भागणार नाही, असं त्या म्हणाल्या. गर्भ सोडायची तारीख पुढच्या आठवड्यातली होती. औषध पुरं करून पुन्हा तपासायचं असेल तर ती पुढे ढकलावी लागेल.

संध्याकाळी तिनं गोळ्यांचं पाकीट नवऱ्यासमोर ठेवलं. त्यानं आईकडे पाहिलं.

“पुरुषाला कसले आलेत जंतू?” जाऊबाई कडाडल्या. “माझा मुलगा धुतल्या तांदळासारखा आहे!”

“तांदूळ अजून धुतलाच कुठं, आई?” इस्त्री म्हणाली. “सगळं धुणं आजवर माझ्याच वाट्याला आलंय.”

मला हसू आवरेना. पुतण्याचे कान लाल झाले. “तारीख ठरलीय,” तो पुटपुटला. “गोळ्यांचं नंतर बघू ना.”

“नंतर काय बघायचं? एकच उरलाय.” तिचा आवाज चढला नाही. “एका पलंगावरच्या दोन उशा येतात आमच्याकडे. एकीचा अभ्रा धुऊन दुसरीचा तसाच पाठवला तर मला त्याच दिवशी काढून टाकतील. तू गोळ्या घेईपर्यंत मी त्या टेबलावर झोपणार नाही.”

आणि सगळ्यांसमोर तिनं क्लिनिकला फोन लावून तारीख रद्द केली.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. पण पुतण्यानं शेवटी गोळ्या घेतल्या, विषाचा प्याला तोंडाला लावावा तसा चेहरा करून. तिनं पिचकारी कचऱ्यात टाकली. त्या दिवसांत तिला किती जड गेलं हे मलाच माहीत आहे. अंघोळ लवकर आटपून माझ्या खोलीत येऊन बसायची आणि म्हणायची, “काकी, घाण वाटतं हो.” मी म्हणायचे, “वाटू दे. वाटल्यानं कोणी घाण होत नाही.”

पुढची तपासणी चांगली आली. शेवटचा गर्भ सोडला. पुतण्या त्या दिवशी दुकान बंद ठेवून आला, हे त्याच्या बाजूनं लिहायला हवं.

गर्भ राहिला नाही.

“जंतू आता उत्तम आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कधी कधी कारण सापडतच नाही.” त्या खरं बोलत होत्या, हे मला कळतं. त्यामुळे राग कमी होत नाही.

आम्ही घरी आलो. इस्त्री चपला न काढता खुर्चीत बसली. ती दारात चपला काढत नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. जाऊबाईंनी तेवढंही थांबायचं नाही असं ठरवलं होतं. “म्हणजे जंतूंचं सगळं थोतांडच. माझ्या पोराला उगीच औषधं चारलीत. दोष हिच्यातच, हे मी पहिल्यापासून सांगतेय.”

पुतण्या म्हणाला, “आई, पुरे.” एवढंच म्हणाला. त्याच्याकडून तेही जास्तच होतं.

मला मात्र पुरेना. “दोष कुणात ते डॉक्टरांना कळलं नाही,” मी म्हणाले, “तुम्हाला बसल्या जागी कळलं. तर मग उद्यापासून क्लिनिकमध्ये तुम्हीच बसा. आणि पाटी लावा, इथे फक्त सुनांचे दोष काढून मिळतील.” आणखीही बोलले. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं. नवरा गेल्यावर मी त्यांच्या घरात गप्पच राहायला शिकले होते, तेवढ्याचीही परतफेड झाली.

त्या दिवसापासून आम्हा दोघी जावांमध्ये अबोला आहे. इस्त्री हॉटेलात जाते, येते. परवा माझ्या केसांना तेल लावता लावता म्हणाली, “काकी, आईंशी बोला हो आता. घरात बरं नाही वाटत.”

मी म्हटलं, “नाही.”

तिनं तळहातावर आणखी तेल घेतलं. मग म्हणाली, “मग मीपण नाही बोलणार आईंशी.” आणि जरा जोरातच डोकं चोळायला लागली.