बेसावरून गेलेले रानहंस

मंडळी, आज पहाटे बेसातल्या आमच्या गच्चीवरून वीसेक पट्टकदंब, म्हणजे हिवाळ्यात येणारे रानहंस, उडत गेले. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

सत्त्याहत्तर साली इथेच, नवी दुर्बीण गळ्यात अडकवून, मी असाच थवा पाहिला आणि ऐटीत म्हणालो, "थेट तिबेटहून आले!"

तेव्हा इथे शेत होतं; त्याचे मालक गुलाबराव तापले. "कायचं तिबेट गा? रातभर माह्या गव्हात चरले अन् आता तळ्यावर चालले. लांबून येणारं पाखरू इतकं खालून, बडबडत जाते काय?"

आजचेही खालूनच गेले, बडबडत. पण गुलाबरावांच्या शेतावर कधीच फ्लॅट झाले. त्यातल्याच एकात मी राहतो.

मग रात्रभर हे चरले कुठे? बेसाजवळ कुणाचा गहू अजून उरलाय का हो?